यंत्राला ओ देणाऱ्या बाई

बाईंच्या अंबाड्यात मी गजरा कधी पाहिला नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र कायम असायचा. पिवळ्या मुठीचा, बारीक तोंडाचा, आडवा खोचलेला. पाहुण्यांना तो दागिन्याचा काही नवा प्रकार वाटे. आम्हाला, म्हणजे डिचोलीकडच्या त्या तंत्रनिकेतनात बाईंबरोबर शिकवणाऱ्यांना, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट एखाद्या दिवशी तो अंबाड्यात नसला, की आज कुठलं यंत्र उघडं पडलंय, असं आम्ही विचारायचो.

मी बांद्याहून तिथे नवीनच लागले होते. पहिल्या दिवशी लॅबच्या दारात उभी राहिले, तर आत कुणी नाही. टेबलाखालून आवाज आला, "कोण तां? उजेड अडवू नको."

मी बाजूला झाले आणि म्हटलं, "मी नवी लेक्चरर. बहुतेक इथेच रिपोर्ट करायचंय."

"बहुतेक म्हणजे कितें?"

"म्हणजे... इथेच."

"मग तसां सांग." टेबलाखालून एक हात बाहेर आला. "आणि ती टेप दी हांगा."

ही आमची ओळख. बाईंच्या लॅबमध्ये 'बहुतेक' या शब्दाला बंदी होती. पोरं तोंडी परीक्षेला थरथरत यायची आणि सवयीने म्हणायची, "बहुतेक फ्यूज गेला असेल." बाई शांतपणे म्हणायच्या, "बस खाली. फ्यूज काढून बघ, मग ये." पोरगं फ्यूज बघून आलं, की चुकीचं उत्तर असलं तरी पास.

त्या प्राचार्यांशी मराठीत बोलत, विक्रेत्यांशी इंग्रजीत आणि यंत्रांशी पेडण्याच्या घरगुती बोलीत. यंत्रांना त्या लाडाने 'बाय' म्हणत. "रडतंस कित्याक, बाय? खंय दुखता?" असं एका ऑसिलोस्कोपला विचारताना मी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलंय. माणसांच्या वाट्याला एवढं मार्दव क्वचितच यायचं.

मांद्र्याला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. बाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. वाजंत्र्यांच्या स्पीकरमधून एकसारखा घूंऽऽ असा आवाज येत होता. बाकी सगळे जेवणाची वाट बघत होते. बाई उठल्या. मंडपाच्या मागे गेल्या. थोड्या वेळाने सगळा मंडप अंधारात गेला, बायका ओरडल्या, आणि मग दिवे आले तेव्हा आवाज थांबलेला होता. बाई हात पुसत परत आल्या. लुगड्याच्या पदराला चिखल. यजमान धावत आले, "बाई, तुम्ही कशाला त्रास..." बाई म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्या मुलाक हात धुताना शॉक बसलो असतो. अर्थिंग तुटलेला." आणि त्या पानावर बसल्या. पुढे ते गृहस्थ भेटले की लग्नापेक्षा ही गोष्ट जास्त सांगत.

हे सगळं मी हसत सांगते आहे. पण बाई मला खऱ्या कळल्या त्या त्यांच्या पेडण्याच्या घरी.

घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. बहिणीला सगळे माई म्हणत. लहानपणी तापात माईंचे डोळे गेले होते. पुढे त्या पणजीत एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाल्या. बाई सांगायच्या, नुसत्या श्वासावरून माई माणूस ओळखायची. तिचं सगळं जग कानांत होतं. निवृत्त झाल्यावर मात्र तिचे कानही हळूहळू जायला लागले. मी पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा माईंना काहीच ऐकू येत नव्हतं. बोलणं शाबूत होतं. त्या मोठ्या, सपाट आवाजात बोलायच्या, पण उत्तर त्यांच्यापर्यंत पोचवायला एकच वाट होती. त्यांचा तळहात उघडायचा आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर काढायचं. पाच शब्द सांगायचे तर चहा निवायचा. त्यामुळे बाई तळहातावर दोनच गोष्टी लिहायच्या. "जेव" आणि "नंतर".

माईंकडे एक पट्टी होती. हरमलला दर हिवाळ्यात येऊन राहणारी एक परदेशी बाई होती, तीही आंधळी. तिने जाताना ती माईंना देऊन टाकली होती. हार्मोनियमच्या पट्ट्यांएवढा लांब डबा. त्यावर बारीक टाचण्यांची एक ओळ. संगणकावरची अक्षरं त्या टाचण्या वर-खाली होऊन ब्रेलमध्ये उमटत आणि माई बोट फिरवून वाचत. ओळ वाचून झाली की कडेचं बटण दाबायचं, पुढची ओळ येते. ही पट्टी संगणकात बसवायच्या एका कार्डाने जुन्या संगणकाला जोडलेली होती. विजेचा दाब अचानक वाढून एके दिवशी तो संगणक जळला. कार्ड वाचलं, पट्टी वाचली. कॉलेजच्या भंगारातून बाईंनी कार्ड बसेल असा दुसरा संगणक मिळवला, पण पट्टी चालवणारा जुना प्रोग्रॅम त्याच्यावर चालेना. पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिच्याबद्दल कुठे एक ओळ सापडत नव्हती.

मी म्हटलं, "बाई, नवीन पट्टी मागवूया ना. सगळे मिळून काहीतरी करू."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू सख्ख्या नात्यातल्या कुणाला वृद्धाश्रमात ठेवायला सांगितलं. "ही बिघडलेली नाय. हिची भाषा आपल्याक येत नाय, इतक्याच."

म्हणून त्यांनी ड्रायव्हर लिहायला घेतला. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. दर रविवारी दुपारी मी स्कूटर घेऊन पेडण्याला जायचे. बाईंना मदत करायला, असं मी म्हणायचे. खरं तर नुसती बघायला. जनेलाजवळच्या मेजावर संगणक उघडा पडलेला, बाजूला पट्टी, आणि कदेलावर मांडी घालून बाई. (त्या घरात खिडकी म्हणजे जनेल आणि खुर्ची म्हणजे कदेल.) टाचण्या वर-खाली कशा करायच्या, ते त्यांनी फार लवकर शोधून काढलं. कार्डाच्या स्मृतीतल्या एकेका खणात एकेक आकडा टाकायचा आणि पट्टीवर काय हलतं ते बघायचं. मराठी अक्षरंसुद्धा उमटायला लागली. मी टाळ्या वाजवल्या.

"वाजव," बाई म्हणाल्या. "एकच ओळ येता. दुसरी ओळ कोण आणतलो? तुझो बापूस?"

घोडं अडलं ते त्या बटणापाशी.

ते त्यांनी मला तांदूळ निवडता निवडता समजावलं होतं. संगणक आपल्या कामात गढलेला असतो. कुणी बटण दाबलं की यंत्र त्याला हाक मारतं. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. संगणकाने हातातलं ठेवायचं, हाक कुणाची ते बघायचं, आणि ओ द्यायची. ओ दिली की यंत्र गप्प बसतं. नाही दिली, तर ते हाक मारतच राहतं, सारखं, न थांबता, आणि संगणक त्या हाकांपायी दुसरं काहीच करू शकत नाही. गोठून जातो.

"मग ओ द्यायची कशी?"

"तांच तर कंपनी बरोबर घेऊन गेली."

प्रत्येक यंत्राची ओ वेगळी असते. कुठल्या तरी खणात कुठला तरी आकडा लिहायचा असतो. खण शेकड्याने, आकडे त्याहून जास्त. बाई एकेक करून बघत. कधी शून्य लिही, कधी एक. कार्ड या खाचेतून त्या खाचेत. बटण दाबायचं, संगणक गोठायचा, वीज बंद करायची, पुन्हा चालू. कधी कधी संगणक पूर्ण गोठायच्या आधी स्वतःच त्या हाकेकडे पाठ फिरवायचा आणि पडद्यावर एक ओळ लिहायचा. 'नोबडी केअर्ड.' हाक आली, कुणाला पर्वा नव्हती. त्या सिस्टिमच्या लेखकांनी कधीतरी गमतीने लिहिलेलं ते वाक्य. बाईंना मात्र ते झोंबायचं. "मी हयसर बसलंय ना मेल्या!" असं त्या पडद्याला ओरडायच्या. मी पहिल्यांदा हसले. नंतर हसू येईना.

कारण पलीकडच्या खोलीत माई बसलेल्या असायच्या. भिंतीकडे तोंड करून. पूर्वी त्या मला वासावरून ओळखायच्या, "आली गो बांद्याची?" म्हणून हात पुढे करायच्या. हळूहळू ते थांबलं. मी तळहातावर माझं नाव लिहिलं तर हात काढून घ्यायच्या. जेवायला बोलवायला खांद्याला हात लावावा लागायचा, आणि त्या दचकायच्या.

एका रविवारी मी आणि बाई मेजावर वाकलेल्या असताना पलीकडून त्यांचा आवाज आला, मोठा, सपाट. "ताई, माका खंयतरी ठेव. असल्या माणसांक ठेवतत तसल्या जागेत. हांगा मी नुसती जागा अडवतंय."

बाई उठून गेल्या. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. त्यांनी माईंचा तळहात उघडला आणि त्यावर लिहिलं. परत आल्यावर मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"नंतर," बाई म्हणाल्या आणि स्क्रूड्रायव्हर अंबाड्यातून उपसला.

"बाई, त्यांना जरा पट्टीला हात लावू द्या. एकच ओळ तर एकच ओळ."

"अर्धवट यंत्र मी कुणाच्या हातात देणां नाय. एक ओळ दाखवून ती परत बंद पडली तर काय करू? तिका आणि एकदा आंधळी करू?"

मी संगणकाची वीज बंद केली आणि पुन्हा चालू केली.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा बाई चुलीपाशी होत्या, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी उतू जात होती म्हणून धावल्या होत्या. संगणक चालू होता. पडद्यावर एक आकडा सारखा वाढत होता. संगणक जिवंत आहे की गोठला, ते कळायला बाईंनी तो मांडला होता. मी कदेलावर बसले होते. इतक्यात माई भिंत चाचपत आल्या. बहुधा पाणी प्यायला उठल्या असाव्यात. त्यांचा हात मेजाला लागला आणि मेजावरून पट्टीला.

त्या थांबल्या. टाचण्यांवरून बोट फिरवलं. ओळ वाचली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग एक हात टाचण्यांवरच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट आपोआप कडेला गेलं, सवयीने, आणि त्यांनी बटण दाबलं.

मी पडद्याकडे बघितलं. आकडा गोठणार, हे मला ठाऊक होतं.

आकडा वाढत होता.

माईंचं बोट बटणावर तसंच होतं. दाबलेलं. पुढची ओळ यायची त्या वाट बघत होत्या. आकडा वाढतच होता. मी ओरडले, "बाई!" बाई आमटी ढवळायची डवली घेऊन धावत आल्या, आणि त्याच क्षणी माईंनी निराश होऊन बोट उचललं. आकडा थांबला. संगणक गोठला.

"सोडलां की कापता," माई म्हणाल्या.

बाई डवली हातात धरून उभ्या. आमटीचे थेंब जमिनीवर. "काय म्हणता ती?"

"बटण सोडलां," माई बोलत होत्या, कुणाला ते त्यांना माहीत नव्हतं, "की टाचण्यो थरथर कापतत. मागीर सगळां मरता. दाबलां तेव्हां कापणत नाय."

बाईंनी संगणक पुन्हा चालू केला. माईंचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि दाबलं. आकडा चालू. धरून ठेवलं. आकडा चालू. सोडलं. गोठला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. बाई मटकन खाली बसल्या, जमिनीवरच, आमटीच्या थेंबांत.

"दोन हाका," त्या म्हणाल्या. "अगो, दोन हाका मारता तां. एक दाबताना, एक सोडताना. मी पहिलीक कधीच ओ दिलेली. माका कळलांच नाय."

मग मला उलगडलं. बाईंचा स्वभाव घाईचा. त्या बटणाला टिचकी मारायच्या, दाबणं आणि सोडणं एकाच फटक्यात. पहिली हाक मिटली, दुसरी लगेच सुरू झाली, आणि बाईंना वाटे पहिलीच मिटत नाही. ओ देण्याचा योग्य मार्ग त्यांना बऱ्याच आधी सापडला होता. चुकीचा समजून त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, पण प्रोग्रॅममधून तो काढला नव्हता. बोट ठेवून वाट बघणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि त्यालाच त्यांनी यंत्राजवळ येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या हाकेची ओ कुठे, ते शोधायला फार वेळ लागला नाही. आता बाईंनी बटण दाबून धरायला मला बसवलं आणि त्या एकेक खण वाचत गेल्या. रिकामा समजून सोडलेला एक कोपरा होता, तिथे ती होती. संध्याकाळ व्हायच्या आत माईंनी बटण दाबलं, सोडलं, आणि टाचण्यांवर दुसरी ओळ आली. मग तिसरी.

चाचणीसाठी बाईंनी हाताला लागेल तो मजकूर घातला होता. माई बोट फिरवत मोठ्याने वाचू लागल्या, "सर्व... प्राध्यापकांना... कळविण्यात येते की... रजेचे अर्ज..." थांबल्या. "ह्यां? इतक्या दिसांनी वाचूक दिलंस तर ह्यां?" आणि त्या हसल्या. त्यांना आपलं हसू ऐकू येत नव्हतं, म्हणून ते फार मोठं होतं. बाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि आमटी दुसऱ्या भांड्यात काढत बराच वेळ उभ्या राहिल्या.

ही गोष्ट इथे संपायला हवी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

काही दिवसांनी आम्ही डिचोलीहून माझ्या स्कूटरवरून परतत होतो. अस्नोड्याच्या पुढे बाई मागून म्हणाल्या, "थांबव." मी बाजूला घेतली. बाई उतरल्या नाहीत. माझ्या पाठीमागूनच बोलल्या.

"काल माईन विचारलां." आता घरात नवीन व्यवस्था झाली होती. माई तोंडाने बोलायच्या, बाई कीबोर्डवर उत्तर लिहायच्या, माई ते पट्टीवर वाचायच्या. "विचारलां, माझे कान जातले तां तुका आधी ठावक आशिल्लां काय म्हणून."

मी इंजिन बंद केलं.

"आशिल्लां. डॉक्टरान माका भायर बोलावून सांगलेलां. हळूहळू जातले, पुराय जातले, उपाय नाय. मी तिका सांगूक नाय. म्हटलां, जितके दिस हसता तितके हसूं दी."

"मग काल काय सांगितलंत?"

"हातावर लिहायचां असतां तर 'नंतर' लिहिलां असतां." एक ट्रक गेला. "कीबोर्ड समोर. ती बोट ठेवून बसलेली. लिहिलां मी, हय, ठावक आशिल्लां. कित्याक सांगूक नाय, विचारलां. लिहिलां, भियालंय."

"मग?"

"ती म्हणाली, तू सांगलां असतां तर तितक्या दिसांत मी पोटभर ऐकून घेतलां असतां."

मी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर बाईंना आवडलं नसतं. खांद्यावर त्यांचा हात होता, तो घट्ट झाला होता. मग त्यांनीच म्हटलं, "चल, चालव," आणि मी चालवली.

पुढचे कित्येक दिवस घरात अबोला होता, आणि या वेळी तो खराखुरा अबोला होता. दोघींना बोलता येत असून न बोलण्याचा. बाई चिडचिड्या झाल्या होत्या, पण एकदा चहाच्या टपरीवर पाव मोडता मोडता अबोल्याचं कारण सांगत म्हणाल्या, "भांडलो गो आम्ही. चांगल्या. तिणें माका सगळां सुणावलां आणि मी पण सगळां लिहिलां. किती वर्सांनी." त्यांच्या आवाजात जे होतं, त्याला मी अभिमानच म्हणेन.

अबोला माईंनीच मोडला, आणि एका अटीवर मोडला. जे ऐकायचं राहून गेलं ते बाईंनी ऐकायचं आणि लिहून कळवायचं.

आता, बाईंचं असं होतं, की ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सोडून जगातला कुठलाही आवाज त्यांनी आयुष्यात लक्ष देऊन ऐकलेला नव्हता. पण त्या कामाला लागल्या. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. वरच्या आळीत कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं. लॅबच्या मागच्या आंब्यावर कुठलं पाखरू बोलतं ते विचारायला त्या प्राणिशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडे जाऊन आल्या.

मी तिथली नोकरी सोडायच्या आधी बाईंनी मला एकदा हरमलला न्यायला लावलं. जन्म पेडण्यात गेला, पण दर्यावर त्या कधी फिरायला म्हणून गेल्या नव्हत्या. कोरड्या वाळूत, शॅकच्या खुर्च्यांच्या रांगेपुढे, चपला हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. पर्यटक त्यांच्या अंबाड्याकडे बघत जात होते. बराच वेळ झाला. मग त्यांनी डोळे उघडले, मोबाइल काढला आणि एका बोटाने लिहायला लागल्या. लाट येते तेव्हा कसा आवाज, जाते तेव्हा कसा. मागे भांडी घासतायत. होडी ओढणारे एका सुरात ओरडतायत.

घरच्या संगणकावर पाठवलं. पेडण्यात, जनेलापाशी, माईंच्या बोटाखाली ते उमटलं असणार. थोड्या वेळाने माईंनी तिकडे कीबोर्डवर लिहिलेलं उत्तर आलं. बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

'आणि कुत्रे? हरमलाक कुत्रे नायत?'

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. मान थोडी वाकडी केली. मग लिहिलं, 'आसत. दोन. एक लांब आसा.'